पेट्रोलला दोष देण्याआधी प्लगची वायर काढून पाहा

संपादक महोदय,

जुनी गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे एखादा सिलिंडर ठोका चुकवू लागला, की हल्ली सगळे खापर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर फुटते. इथेनॉलबद्दलची तक्रार खोटी नाही. त्यात ऑक्सिजन असतो, कार्ब्युरेटरला तो ओळखता येत नाही आणि मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. जुने रबरी पाइप, डायफ्रॅमही खराब होतात. पण पेट्रोल सगळ्या सिलिंडरना एकच जाते. एकटाच सिलिंडर मेला असेल तर दोष दुसरीकडे आहे, आणि तो घरच्या पार्किंगमध्ये शोधता येतो.

कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० घ्या. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, फायरिंग ऑर्डर १-३-२. तिनातला एक बंद पडला की स्लोवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, गिअरचा दांडा थडथडतो आणि सायलेन्सरचा ठोका ठरावीक अंतराने चुकतो. मिश्रणच बिघडले असेल तर असा ठेका सहसा नसतो. इंजिन कधीही, कसेही अडखळते.

वायरींवर चिकटपट्टीने आकडे टाका. इंजिन गरम करून बंद करा. एका प्लगची वायर काढून ती एका जादा प्लगला लावा, त्या प्लगचे लोखंडी अंग जाड वायरने इंजिनच्या अर्थला पक्के जोडा आणि तो कार्ब्युरेटरपासून लांब ठेवा. मग स्लोवर चालू करा. इंजिन आणखी ढेपाळले तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर मेलेला तोच. चालू इंजिनवर वायर उपटून पाहायची जुनी सवय सोडा. हाताला हजारो व्होल्टचा झटका बसतो आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे मॉड्यूल जळू शकते. चाचणी अर्ध्या मिनिटात उरका. मुंबईसह चार महानगरांत १९९५पासून नव्या पेट्रोल गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन पेटले की तो भाजून निघतो.

जादा प्लगमुळे आणखी एक गोष्ट कळते. मेलेल्या सिलिंडरच्या वायरीवर निळसर, कडकड वाजणारी ठिणगी पडत असेल तर करंट तिथवर पोचतो; दोष प्लगमध्ये किंवा सिलिंडरच्या आत आहे. ठिणगीच नसेल तर वायर किंवा डिस्ट्रिब्युटरची (एकेका प्लगला करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप पाहा. जास्त व्होल्टेज बनवणारी कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर तिन्ही सिलिंडरना सामाईक असल्याने ते बिघडले तर सहसा एकटा सिलिंडर मरत नाही.

पावसाळ्यात पहिला संशय कॅपवर घ्या. आत ओल धरते, आणि दोन टोकांमध्ये केसाएवढी काळी रेघ दिसली तर करंट तिथून पळतो. ओल कापडाने पुसून जाते, रेघ जात नाही, कॅप बदला. रात्री अंधारात, चालू इंजिनच्या वायरींवर हात लांब ठेवून पाण्याचा बारीक फवारा मारला तर फुटक्या वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात.

प्लग मात्र इंजिन थंड झाल्यावरच खोला. हेड अॅल्युमिनियमचे, गरम असताना आटे सोलले की खर्च वाढला. प्लगच्या टोकांमधला गॅप फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ०.७ ते ०.८ मिमी हवा. तो झिजून मिलिमीटरच्या पुढे गेला की गाडी स्लोवर बरी चालते आणि खंबाटकी घाट चढताना झटके मारते, कारण लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर नाही, याचेही कारण पुष्कळदा हेच असते. टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काजळी म्हणजे चोक अडकला किंवा एअर फिल्टर तुंबला, ऑइलने माखलेले म्हणजे रिंग किंवा वॉल्व्हचे सील, पांढरे फटक म्हणजे मिश्रण लीन. पेट्रोलने ओला प्लग शेजारच्याशी बदला. दोष प्लगबरोबर सरकला तर निदान झाले. बसवताना आधी हातानेच आटे धरवा. नवा प्लग वायसरला टेकल्यावर पान्याने फक्त अर्धा फेरा.

प्लग, वायर, कॅप सगळे ठीक आणि सिलिंडर तरी मेलेलाच, तर सिलिंडरमधला दाब मोजणारे कॉम्प्रेशन गेज आणा. तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची जोडणी सोडलेली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, पाच-सहा सेकंद स्टार्टर. आकड्यांत १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या. न चढला तर वॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर त्यांच्या मधले हेड गॅस्केट. मेकॅनिकने हेड उतरवायचे म्हटले तर आधी टॅपेट, म्हणजे वॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली फट, पाहायला लावा: ती संपून वॉल्व्ह जरासा उघडा राहिला तरी कॉम्प्रेशन असेच कमी दिसते, आणि ते काम फिलर गेज व पान्याने भागते.

— एक वाचक, सातारा