फसलेल्या माणसाला ठाण्याची पायरी चढता येऊ द्या

प्रति,
माननीय गृहमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूरु

महोदय,
स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत लिहिते आहे. गाऱ्हाणे मांडताना केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेली कोणतीही भाषा वापरण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५०व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे, आणि ज्यांच्यासाठी मी लिहिते आहे त्यांना मनातले मराठीतच सांगता येते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याबद्दल इथे मला काही म्हणायचे नाही. माझे मागणे पोलीस ठाण्यातल्या पहिल्या तासापुरते आहे.

खानापूर तालुक्यात आम्ही काही बायका मिळून वधूवर सूचक मंडळ चालवतो. शेती करणाऱ्या मुलांची स्थळे जुळवणे अवघड झाले आहे हे आपल्याला ठाऊक असेलच. त्याहून अवघड असते ते दुसऱ्यांदा संसार मांडू पाहणाऱ्यांचे. पन्नाशीतला विधुर आमच्याकडे नाव नोंदवायला येतो तेव्हा आधी रस्त्यावर कुणी ओळखीचे नाही ना ते बघतो. विधवा बाई तर येतच नाही, तिची बहीण येते. शेजारच्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवा पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता दिली. शंभरावर वर्षे झाली, तरी आमच्या गावात पन्नाशीचा माणूस सोबत हवी म्हणाला की चावडीवर हसे होते आणि घरात मुलांना वाटण्यांची काळजी पडते. मग ही माणसे मोबाईलकडे वळतात, कारण तिथे कुणी बघत नाही असे त्यांना वाटते.

आमच्या तालुक्यातले एक माजी सैनिक आहेत. नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत; पत्र लिहायला त्यांची परवानगी आहे. त्यांची पत्नी करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. मुली सासरी. चाळिशीपुढच्या विधुर, विधवा आणि घटस्फोटितांसाठीच चालणाऱ्या एका डेटिंग संकेतस्थळावर त्यांनी वर्गणी भरून नाव घातले. अशी खास संकेतस्थळे जास्त धोक्याची का, हे मला त्यांच्यामुळे कळले. इतरत्र फसवणाऱ्याला सावज हुडकावे लागते. इथे मात्र जोडीदार कधी वारला, मुले कुठे असतात, पेन्शन आहे का, घर स्वतःचे आहे का, हे सगळे प्रत्येकाने आधीच अर्जात लिहून दिलेले असते. एकट्या माणसांची यादी त्याला तयार मिळते.

थोड्याच दिवसांत त्यांना एका बाईचा निरोप आला. मूळ रत्नागिरीची, लंडनला नर्स, नवरा अपघातात गेलेला. दोनचार निरोपांनंतर ती त्यांना संकेतस्थळावरून व्हॉट्सअॅपवर घेऊन गेली. हे नेहमीचेच आहे, कारण मग त्या संकेतस्थळाकडे पुढचा कसला पुरावाच उरत नाही. कित्येक आठवडे पैशाचा शब्द निघाला नाही. सकाळी "उठलात काय?", रात्री "जेवण झालं काय?", मध्ये गुडघ्याच्या दुखण्याची चौकशी. सगळे मराठीत. महोदय, हे मला पुन्हा सांगायचे आहे: त्या टोळीतल्या कुणीतरी या माणसाशी त्याच्या भाषेत बोलायची तसदी घेतली होती.

मग पार्सल निघाले. घड्याळ, कपडे आणि भेट म्हणून काही पौंड. दोन दिवसांनी मुंबई विमानतळावरच्या कस्टम्समधून बोलते म्हणून एका बाईचा फोन आला. पार्सल अडकले आहे, अठ्ठेचाळीस हजार भरा. ते भरल्यावर परकीय चलन सापडले, मनी लाँडरिंगचे प्रमाणपत्र लागेल, नाहीतर दोघांवर गुन्हा दाखल होईल. तिकडे लंडनची बाई रडत होती, "माझ्यामुळं तुम्हाला त्रास." त्यांनी सोसायटीतली ठेव मोडली. घरावर स्लॅब घालायला ठेवलेले पैसे होते ते.

खरे तर हे पार्सल ओळखणे सोपे आहे. सरकारी कस्टम्स खाते कुणा व्यक्तीच्या बँक खात्यात पैसे मागत नाही. २०१९च्या अखेरीपासून त्या खात्याच्या प्रत्येक पत्राला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. एवढी दोन वाक्ये मराठीत आणि कन्नडात खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीच्या बसस्थानकांवर रंगवली असती तर हे पैसे वाचले असते. पण मी लिहायला बसले ते त्यानंतर जे घडले त्यासाठी.

फसवणूक त्यांच्या लक्षात आली तेव्हा शेवटचा हप्ता जाऊन फार वेळ झाला नव्हता. सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या सरकारी मदतवाहिनीचा १९३० हा क्रमांक अशाच वेळेसाठी आहे. २०२१ पासून ही व्यवस्था अशी चालते: फोन केला, व्यवहाराचा क्रमांक, बँक, रक्कम आणि वेळ सांगितली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला सूचना जाते, आणि पैसे तिथे असतील तर रोखले जातात. पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेला. टोळ्यांना हे चांगले माहीत असते. म्हणून गोरगरिबांच्या नावची भाड्याने घेतलेली खाती त्यांच्याकडे तयार असतात आणि रक्कम तुकडे करून एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवली जाते. शेवटी कुठेतरी एटीएममधून ती रोख निघते. सगळी शर्यत घड्याळाशी आहे.

आमचा हा माणूस त्या घड्याळाशी हरला तो लाजेमुळे. रात्रभर जागा राहिला. दुसऱ्या दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात गेला. उघड्या टेबलापाशी, दहा माणसांच्या देखत त्याला विचारले गेले की ती बाई कोण, तिच्याशी काय बोलत होता, फोटो पाठवलेत का. कुणीतरी म्हणाले, "ई वयस्सिन्याग इदेल्ला याक बेकित्री?" या वयात हे सगळे कशाला हवे होते? हसणे झाले. मग, हे सायबरचे प्रकरण आहे, बेळगावच्या ठाण्यात जा, असे सांगून त्याला परत पाठवले. एवढ्या वेळात १९३० हा आकडा एकानेही उच्चारला नाही. तो बेळगावला गेलाच नाही. पुढे कितीतरी दिवसांनी त्याच्या थोरल्या मुलीने बापाच्या तब्येतीची विचारपूस करताना हे काढून घेतले आणि आम्हाला फोन केला. तोवर पैसे गेले होते.

त्या ठाण्याचे नाव मी लिहीत नाही, कारण एका हवालदाराला शिक्षा व्हावी हा माझा हेतू नाही. त्याला कुणी शिकवले नसेल. कायदा मात्र स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमानुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने नोंदवायची असते. तोंडी दिलेली खबर लिहून घ्यायची, खबर देणाऱ्याला वाचून दाखवायची आणि प्रत त्याला फुकट द्यायची, हेही त्याच कलमात आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टर किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, हे खरे. पण तपास वेगळा आणि खबर घेणे वेगळे. अथणीच्या माणसाला सव्वाशे किलोमीटरहून लांब बेळगावला जा म्हणायचे, कणकुंबीच्या माणसाला मोबाईलची रेंज शोधत जंगलातून बाहेर यायला लावायचे, आणि मग तक्रार उशिरा आली म्हणायचे, हे बरोबर नाही.

आणि वाचून दाखवायचे ते कोणत्या भाषेत? खबर कन्नडात लिहिली जाते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती राज्याची भाषा आहे आणि आमची मुलेही ती शिकतात. पण सत्तरीची बाई आपल्याला न समजणाऱ्या कागदावर अंगठा उठवते, तेव्हा वाचून दाखवण्याची कायद्याची अट पाळली गेली असे मी मानत नाही. या जिल्ह्यातल्या ठाण्यांत मराठी बोलणारे पोलीस खूप आहेत. त्यांना फक्त सांगायला हवे की तो मजकूर फिर्यादीला मराठीत समजावून देणे हे तुमचे काम आहे, मेहेरबानी नव्हे.

निपाणी भागातल्या एका ताईंचे दुखणे याहून खोल आहे. त्या घटस्फोटित, शिवणकाम करून मुलाला शिकवतात. अशाच संकेतस्थळावर भेटलेल्या माणसाने व्हिडिओ कॉलवरचे चित्र टिपून ठेवले आणि माहेरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो म्हणून पैसे उकळले. ही सरळसरळ खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेच्या ३०८व्या कलमातली. पण ताई ठाण्यात गेल्या नाहीत आणि जाणारही नाहीत. ते चित्र पुरावा म्हणून कोण कोण बघेल, हा त्यांचा एकच प्रश्न आहे. मला त्याचे उत्तर देता आले नाही. आपण द्यावे. बंद खोली, महिला अधिकारी, आणि चित्र किती जणांच्या हातून जाईल याची लेखी मर्यादा, एवढे असेल तर मी स्वतः त्यांना घेऊन येईन.

गप्प बसलेल्या माणसाचे काय होते हे आमच्या तालुक्याने पाहिले आहे. मार्च २०२५ मध्ये बिडी गावात एका वृद्ध दांपत्याने जीव दिला. पोलीस असल्याचे सांगून ‘डिजिटल अरेस्ट’च्या धमक्या देणाऱ्यांनी त्यांच्याकडून लाखो रुपये उकळले होते. तो प्रकार वेगळा होता, त्यात प्रेमाचे आमिष नव्हते. पण त्यांनीही कुणाला काही सांगितले नव्हते, आणि टोळ्यांचा सगळा धंदा या न सांगण्यावरच चालतो.

बँकांकडून मोठी आशा नाही. परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती, याचा आदेश रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ला काढला. पण पिन ग्राहकाने स्वतःच टाकलेला असला की बँका हात वर करतात. म्हणून तो पहिला तासच काय तो आपला.

आपल्या सरकारने २०२५ मध्ये सायबर कमांड ही सायबर गुन्ह्यांसाठीची वेगळी पोलीस यंत्रणा उभी केली, त्याचे स्वागत आहे. तिचा हात तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोहोचावा. ऑनलाईन फसलेला माणूस कुठल्याही ठाण्यात आला की त्याची कहाणी ऐकण्याआधी ठाण्याच्या फोनवरून १९३० लावून द्यावा आणि व्यवहाराचा क्रमांक नोंदवून घ्यावा, असा लेखी आदेश काढा. संकेतस्थळ कोणते, तिथे का गेलात, हे प्रश्न त्यानंतर, आणि तेही तपासापुरते. बेळगाव जिल्ह्यातून १९३० वर येणाऱ्या फोनला मराठी बोलणारा माणूस मिळावा. पोलीस आणि ठाणी राज्याची आहेत, यासाठी दिल्लीला विचारावे लागू नये.

दिल्लीला विचारावे लागेल अशी एक गोष्ट आहे, तीही आपण विचारावी. जून २०१६ मध्ये केंद्राने विवाहविषयक संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नाव घालणाऱ्याचे ओळखपत्र घ्या, खाते बंद झाल्यावरही वर्षभर त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीची खूण, जपून ठेवा, आणि हे डेटिंगचे संकेतस्थळ नाही असे जाहीर करा, असे त्यात होते. म्हणजे डेटिंगची संकेतस्थळे त्या सूचनांच्या बाहेरच राहिली. लग्नासाठी येणाऱ्याची कागदपत्रे तपासायची आणि सोबतीसाठी येणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचे, हा भेद मला पटत नाही. विशेषतः जी संकेतस्थळे विधवा, विधुर, वयस्क अशा एकेका गटासाठीच चालतात आणि त्यांच्याकडून वर्गणी घेतात, त्यांना तरी ओळख तपासणे सक्तीचे व्हावे. आपण राज्यातर्फे तसे पत्र केंद्राला लिहा.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्णसौधात येता. त्या दिवसांत अर्धा तास द्या. माजी सैनिक यायला तयार आहेत. त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या आहेत: खोलीचे दार लावलेले असावे, आणि आत मराठी समजणारे कुणीतरी असावे. निपाणीच्या ताईंचे मी अजून विचारते आहे; त्या आल्या तर महिला अधिकारी लागेल. तारीख कळवा, गाडीची सोय आम्ही करू.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातील वधूवर सूचक मंडळाची एक कार्यकर्ती