गठ्ठे लावून ठेव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

"मला तहसीलदार व्हायचं नाही, कचेरीतली कारकुनी आहे ते बरं आहे," असं तू फोनवर म्हणालास. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण आहे ते टिकवायलाही हात चालता लागतो, म्हणून लिहिते.

सोमवारी पावणेदहाला टेबलावर बसलास की आधी कागदांचे सहा गठ्ठे लाव: प्रलंबित (ज्यावर तुलाच काम करायचंय), प्रतीक्षाधीन (ज्यात दुसऱ्याकडून उत्तर यायचंय), नियतकालिकं (ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश (कायम लागू असलेले), अभिलेख कक्षात म्हणजे जुन्या कागदांच्या खोलीत पाठवायची प्रकरणं आणि 'ड' वर्गातली, म्हणजे थोडा काळ ठेवून नष्ट करायची. घोळ होतो तो पहिल्या दोघांत. तलाठ्याचा अहवाल यायचाय म्हणून कागद प्रतीक्षाधीनात जातो आणि तिथेच राहतो. त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने स्मरणपत्राची तारीख लिही, जवळची तारीख वर येईल असा गठ्ठा लाव, आणि अहवाल आला की त्याच दिवशी कागद प्रलंबितात आण. सरकारी कामातला विलंब रोखण्याच्या कायद्याप्रमाणे साधी फाईल कोणाकडेही कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, तातडीची चार दिवसांत निघावी. आलेल्या आणि निकाली काढलेल्या कागदांची कार्यविवरण नोंदवही रोजच्या रोज भर. शुक्रवारी आठवून भरायला बसलं की शिल्लक जुळत नाही.

साहेबांकडे पाठवलेली फाईलवरची टिपणी परत येते ती बहुतेक वेळा शेवटी प्रस्तावच नसतो म्हणून. अर्जदार काय मागतो, कोणता नियम किंवा कोणत्या तारखेचा शासन निर्णय लागू होतो, पुरावा कितव्या पानावर आहे, हे लिहून झालं की मान्य करावं की अमान्य, तेही स्पष्ट लिही. नुसतं "आदेशार्थ सादर" लिहिलंस तर साहेबांना सगळी फाईल पुन्हा वाचावी लागते. आणि दुय्यम सेवा परीक्षा, ती कारकुनांची खात्यातली परीक्षा, मुदतीत दे. बढतीची हौस नसली तरी ज्येष्ठता गेली की ती परत मिळवणं अवघड.

आता घर. उशीर होणार असेल तर फोन पाचला कर, साडेसातला नाही. सूनबाईलाही नोकरीवरून येऊन कुकर किती जणांचा लावायचा ते ठरवायचं असतं. "मदत करतो" म्हणू नकोस, एक काम पूर्ण तुझं कर. रात्रीचं आवरणं घेतलंस तर भांडी, ओटा, दूध तापवणं, विरजण लावणं आणि उद्याला दूध पुरेल का ते बघणं, सगळं त्यात आलं. तिला आठवण करावी लागली तर काम तिच्याच डोक्यावर राहिलं ना रे.

पगाराची पावती दर महिन्याला दोघांनी बसून बघा. कपाती, भाडं, हप्ते बाजूला काढून उरतं किती ते तिलाही आकड्यात कळू दे. आम्हाला पैसे पाठवायचे ते तिच्याशी बोलूनच. न सांगता पाठवलेल्या दोन हजारांवरूनही मनं दुखावतात, कारण पैशापेक्षा लपवणं लागतं.

लग्नाआधी आमच्या नावाने भरलेली नामनिर्देशनं, म्हणजे तुझ्या पश्चात नोकरीचे पैसे कोणाला मिळावेत ते अर्ज, आता नव्याने भर. अर्ज देऊन थांबू नकोस, सेवापुस्तकात नोंद झाली का ते स्वतः बघ. विवाह नोंदणीची मुदत 90 दिवसांची, त्यातले साठ गेले. नोंदणीच्या अर्जावर, म्हणजे नमुना 'ड' वर, तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मामा, मामी आणि काका यायला तयार आहेत. शनिवारी कार्यालय बंद, तेव्हा सूनबाईच्या रजेचं विचारून मधल्या वारची तारीख कळव.

तुझी,
आई