घरच्या अंथरुणापर्यंत येणारी सिस्टर हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या सासूबाई गेल्या श्रावणात वारल्या. आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. तोंडाचा कॅन्सर होता, डाव्या गालाचा. चाळीस वर्षं त्यांनी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावली होती. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, शेक झाले आणि वर्षाच्या आत गाठ पुन्हा उठली. तेव्हा डॉक्टरांनी माझ्या मालकांना बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरी न्या, सेवा करा." ती सेवा करायची कशी, हे कुणी सांगितलं नाही. हातात दिलेल्या कागदावर गोळ्यांची नावं होती आणि आत्यांच्या नाकात दुधासाठी नळी होती.

आमची वाडी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात आहे. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत अर्ध्या तासाचा चढ. मी शिवणकाम करते. आत्यांना घरी आणलं त्या दिवसापासून मशीन बंद झालं.

कुणीच आलं नाही असं मी म्हणणार नाही. आशाताई आठवड्यातून एकदा तरी यायची. उपकेंद्राच्या सिस्टर दोनदा चढ चढून आल्या, बीपी बघितलं, मोबाईलवर माहिती भरली. बीपी बरोबर होतं. आत्या मात्र रात्रभर भिंतीला डोकं घासत होत्या. सिस्टरचा यात दोष नाही. लसीकरण, गरोदर बायका, टीबी, शुगर-बीपीची तपासणी आणि वर ऑनलाईन नोंदी, सगळं त्यांच्याच गळ्यात. सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र असा सरकारचा हिशोब आहे. पण आमच्याकडचे तीन हजार लोक किती वाड्यांत आणि किती डोंगरांवर पसरलेत ते इथं येऊन बघावं. जाताना त्या मला म्हणाल्या, "वहिनी, हे दुखणं कसं सांभाळायचं ते आम्हाला कुणी शिकवलंच नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग कुणीतरी शेजारच्या गावातल्या एका बाईंबद्दल सांगितलं. मुंबईत कॅन्सरच्या दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्यात आणि गावी येऊन राहिल्यात. त्या आल्या, चहा नको म्हणाल्या आणि थेट आत्यांच्या अंथरुणाशेजारी जमिनीवर बसल्या. मला काही विचारण्याआधी त्यांनी आत्यांना विचारलं, "दहा बोटांपैकी किती दुखतंय?" आत्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि खाली घेतलेच नाहीत. तोपर्यंत असा प्रश्न त्यांना आमच्यापैकी कुणीही विचारला नव्हता.

संपादक महोदय, यापुढचं लिहिताना आजही माझा हात थांबतो. दवाखान्याने मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र दुखणं शमवणाऱ्या, गोळ्या दिलेल्या होत्या आणि त्या आमच्या कपाटात बिस्किटाच्या डब्यात पडून होत्या. ही मरणाची गोळी आहे, एकदा सुरू केली की माणूस जातो, असं भावकीतल्या जाणत्या लोकांनी सांगितलं होतं. म्हणून आत्या फारच कळवळल्या तर आम्ही एखादी द्यायचो. नऊ दिवस औषध घरात होतं आणि नऊ दिवस आत्या दुखणं सोसत होत्या.

या निवृत्त सिस्टरनी कॅलेंडरच्या पानामागे वेळा लिहून दिल्या. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. सोबत पोट साफ होण्याचं औषध रोज द्यायचंच, कारण मॉर्फिनने शौचाला खडा होतो. गोळी कुटून पाण्यात विरघळवून नळीतून द्यायची आणि नंतर नळीत साधं पाणी सोडायचं, म्हणजे ती तुंबत नाही. प्रमाण त्यांनी स्वतः ठरवलं नाही. दवाखान्यात फोन लावला, डॉक्टरांना दुखण्याचा आकडा सांगितला आणि त्यांच्याकडून विचारून घेतलं. तिसऱ्या दिवशी आत्यांनी तीन बोटं दाखवली. त्या रात्री घरातली सगळी माणसं झोपली.

दुसरी गोष्ट वासाची. गालाची जखम बाहेर फुटली होती. आलेले पाहुणे उंबऱ्यातच बसायचे आणि ते आत्यांना कळायचं. त्यांनी खुणेनं मला मध्ये पडदा बांधायला लावला होता. सिस्टरनी मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड करून ती जखमेवर टाकायला आणि वर ओलसर गॉज ठेवायला शिकवलं. पट्टी ओढून काढायची नाही, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने भिजवून सोडवायची. काही दिवसांत वास कमी झाला आणि आत्यांनी स्वतः पडदा सोडायला सांगितला. धाकटी नात पुन्हा त्यांच्याजवळ बसून पाढे म्हणायला लागली.

सिस्टरनी मलाही विचारलं, "तू कधी झोपतेस?" मग रात्री आत्यांची कूस बदलायची पाळी त्यांनी माझ्या धाकट्या दिरांवर टाकली. बायामाणसाचं काम पुरुषाने कसं करायचं, म्हणून चुलत सासऱ्यांनी नाक मुरडलं. सिस्टरनी भाऊजींना समोर बसवून, चादर धरून कसं वळवायचं ते दोनदा करून दाखवलं. शेवटपर्यंत त्यांनी ते केलं आणि आत्यांच्या पाठीला जखम झाली नाही.

आता मुद्द्यावर येते. सुशिक्षित मुलगा किंवा सून मोबाईलवर बघून हे करेल, असं कुणी म्हणेल. मी बारावी झाले आहे आणि मोबाईल माझ्याकडेही आहे. तरी डबा नऊ दिवस बंद राहिला. घरात येऊन, रुग्णाकडे बघून, भावकीसमोर ठामपणे सांगणारं शिकलेलं माणूस लागतं आणि ते डॉक्टरपेक्षा जास्त करून नर्सच असते.

महाराष्ट्राने पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णाचं दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण २०१२ साली केलं. अमली पदार्थांचा कायदा २०१४ मध्ये बदलला, तो मॉर्फिनसारखी औषधं मान्यताप्राप्त दवाखान्यांना सहज ठेवता यावीत म्हणूनच. तरी आमच्या माणसाला गोळ्यांसाठी दर वेळी पावसापाण्यात शहर गाठावं लागलं. केरळने आपल्या आधी, २००८ साली धोरण केलं आणि तिथं ग्रामपंचायतींनी हे काम स्वतःच्या अंगावर घेतलं. खास याच कामाचं प्रशिक्षण घेतलेली नर्स गाडीतून पिशवी घेऊन घरोघरी जाते, सोबत गावातले स्वयंसेवक असतात. युगांडाने तर २००४ पासून असं प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला आहे. मी एवढं मागत नाही. डॉक्टरांनी कागदावर आखून दिलेल्या मर्यादेत प्रमाण कमी-जास्त करण्याची मुभा मिळाली तरी आमच्यासारख्यांच्या कितीतरी रात्री वाचतील.

माझी मागणी अशी की प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक नर्स फक्त घरी पडून असलेल्या रुग्णांसाठी नेमावी. आहे त्या सिस्टरच्या कामात हे आणखी एक काम म्हणून घालू नये, तसं केलं तर पुन्हा बीपी आणि मोबाईलवरची नोंदच होईल. तिला रीतसर प्रशिक्षण, ड्रेसिंगचं सामान, नळ्या, गाडी आणि रात्री उचलला जाईल असा फोन मिळावा. एका रात्री मुसळधार पावसात आत्यांची नळी निघाली, तेव्हा खुर्चीला दोर बांधून त्यांना खाली नेलं, जीप केली आणि तालुक्याला नेऊन पहाटे परत आणलं. नळी बसवायला पाच मिनिटं लागली. ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिन मिळावं, हेही त्यातच आलं. आणि वरून तपासणी करणाऱ्यांनी किती भेटी झाल्या एवढंच विचारू नये. भेटीआधी किती बोटं होती आणि दोन दिवसांनी किती, पाठीला जखम आहे का, घरचं माणूस झोपलं का, हेही नोंदवून घ्यावं.

तेराव्यानंतर सिस्टर पुन्हा आल्या. उरलेल्या गोळ्या माझ्यासमोर मोजल्या आणि दवाखान्यात परत द्यायला लावल्या. मग बराच वेळ काही न बोलता माझ्याशेजारी बसून राहिल्या. त्यांचं वय सत्तरच्या घरात आहे, गुडघे दुखतात, आमचा चढ त्यांना आता झेपत नाही.

आत्यांसाठी घेतलेली हवेची गादी सध्या पलीकडच्या वाडीत एका आजोबांकडे आहे. त्यांची सून मला रात्री फोन करते, पट्टी चिकटली आहे, काय करू, म्हणून विचारते. मला येतं ते मी सांगते. परवा तिने विचारलं, "गोळी वाढवू का?" या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही. ते देणारं माणूस तिच्या आरोग्य केंद्रात असायला हवं.

आपली नम्र,
एक वाचक (कृपया नाव छापू नये)
ता. पाटण, जि. सातारा