बाई, तुमच्या तासाला कोणी नुसतं बसून राहिलं नाही

प्रिय बाई,

आपल्या माइनक्राफ्ट-शाळेच्या सर्व्हरवर लहानथोर सगळे तुम्हाला बाईच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. तुमचं खरं नाव आणि गाव इथे लिहीत नाही. ते कोणाचंच उघड करायचं नाही हा नियम तुमचाच. या दिवाळीनंतर तुम्ही मुख्याध्यापकपद सोडलंत. शाळेत आता नवे शिक्षक येताहेत आणि त्यांनी तुमचा एकही तास पाहिलेला नाही. त्यांच्याही वाचनात यावं म्हणून तुमचे आभार असे चारचौघांत मानतो आहे.

ज्यांना ही शाळा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माइनक्राफ्ट या ऑनलाइन खेळातल्या ठोकळ्यांतून उभारलेली ही शाळा आहे. घंटा आहे, फळा आहे, हजेरी आहे, मधली सुट्टी आहे. प्रत्येक जण एक पात्र होऊन येतो. कोणी पहिल्या बाकावरची हुशार मुलगी होतं, कोणी रोज उशिरा येणारा मुलगा, कोणी घंटा देणारे शिपाईकाका. मार्च २०२० मध्ये खऱ्या शाळांना कुलपं लागली तेव्हा घरात अडकलेली पोरं इथे जमली आणि शाळा पुन्हा सुरू झाल्यावरही येत राहिली. कोणी पुण्यातून येतं, कोणी विदर्भातून, दोघं-तिघं तर आईवडिलांच्या नोकरीमुळे परदेशात राहून मराठी बोलायला मिळतं म्हणून येतात.

असल्या शाळांची एक अडचण सगळीकडे सारखीच. व्हरांड्यात, डब्याच्या वेळी, मैदानावर मुलांची झुंबड, आणि तासाची घंटा झाली की वर्ग ओस. याचं कारण तुम्ही मला पहिल्यांदा नीट उलगडून दाखवलंत. या खेळात चॅटच्या एका ओळीत २५६ अक्षरं मावतात. चॅटची खिडकी बंद असेल तर पडद्यावर एका वेळी १० ओळी दिसतात आणि प्रत्येक ओळ साधारण १० सेकंदांत विरून जाते. शिक्षक भरभर लिहीत सुटला की त्याचंच आधीचं वाक्य वर सरकून नाहीसं होतं. बरं, मुलांची पात्रं तोवर काय करणार? बाकावर बसून भिंतीकडे बघणार. खेळायला आलेल्या मुलाला आपण खेळातून बाहेर काढून प्रेक्षक करतो, मग ते पळालं तर नवल नाही. तुमचा शिरस्ता असा होता की बाईंनी तीन ओळींपेक्षा जास्त सलग बोलायचं नाही, चौथ्या ओळीला मुलांच्या हाताला काहीतरी काम मिळालंच पाहिजे.

तुम्ही वर्गात पुस्तकाचं स्टँड ठेवलंत तो तास मला अजून आठवतो. २०१९ च्या १.१४ आवृत्तीत हे स्टँड खेळात आलं, आणि बहुतेकांनी ते शोभेला म्हणून ग्रंथालयात ठेवून दिलं. त्याची गंमत तुम्ही ओळखलीत. एका स्टँडवरचं पुस्तक सगळे एकदम उघडू शकतात आणि एकाने पान उलटलं की सगळ्यांचंच पान उलटतं. शिवाय मागे कंपॅरेटर, म्हणजे सिग्नल मोजून पुढे देणारा ठोकळा, जोडला की जसजशी पानं पुढे जातात तसतसा सिग्नल वाढतो. तुम्ही १५ पानांची गोष्ट लिहिलीत आणि भिंतीवर १५ दिवे लावलेत, पानागणिक एक दिवा. पान उलटायचं काम दिलंत ते चॅटमध्ये कधीही काही न लिहिणाऱ्या मुलीला. बाकीची पोरं ‘उलट ना लवकर’, ‘थांब, माझं व्हायचंय’ असा गिल्ला करत होती. आठव्या की नवव्या दिव्याच्या आसपास तिने आमच्यासमोरची पहिली ओळ लिहिली: ‘सगळ्यांचं वाचून झाल्याशिवाय मी उलटणार नाही.’ तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत, शाबासकीसुद्धा दिली नाहीत. तेच बरोबर होतं. कौतुक झालं असतं तर ती पुन्हा गप्प झाली असती.

प्रश्न विचारण्याची तुमची पद्धतही वेगळी होती. ‘याचं उत्तर काय?’ असं तुम्ही क्वचितच विचारायचात. ‘तुझं पात्र आता काय करतंय?’ हे विचारायचात. उत्तर येत नसलं तरी याला काहीतरी लिहिता येतंच. रेडस्टोनच्या, म्हणजे खेळात विजेसारखा सिग्नल वाहून नेणाऱ्या लाल भुकटीच्या, तासाला तुम्ही १६ मुलांना ओळीत उभं केलंत आणि त्यांचीच तार केलीत. पहिल्याने ‘१५’ म्हणून पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, त्याने ‘१४’ म्हणायचं, असं करत ‘१’ पर्यंत. सोळाव्या मुलाने लिहिलं होतं, ‘*हात पसरून उभा आहे, काहीच येत नाही.’ मग तुम्ही मधल्या एकाला रिपीटर व्हायला सांगितलंत. त्याच्यापर्यंत सिग्नल कितीही क्षीण होऊन आला तरी त्याने पुढे पुन्हा ‘१५’ च द्यायचे, फक्त क्षणभर थांबून. रेडस्टोन १५ ठोकळ्यांनंतर का विझतो हे त्या पोरांना पुन्हा कोणाला सांगावं लागलं नाही.

आणि चंद्राचा तास! त्याबद्दल मी सविस्तर लिहिणार, तुम्ही नको म्हणालात तरी.

खेळातला दिवस २० मिनिटांचा, आणि चंद्राच्या कला ८. तुम्ही सगळ्यांना गच्चीवर नेलंत आणि २४००० टिकांची, म्हणजे एकेका अख्ख्या दिवसाची, उडी मारत आठही रात्री ओळीने दाखवल्यात. सांगितलंत एवढंच: या आकाशात काहीतरी चुकतंय, शोधा. बराच वेळ कोणाला सुधरेना. ढग चौकोनी आहेत, चंद्र चौकोनी आहे, असलं सगळं येऊन गेलं. मग एका मुलीने लिहिलं, ‘बाई, आमच्याकडे संकष्टीला आजी चंद्रोदयापर्यंत जेवत नाही, नऊ-साडेनऊ होतात. इथे रोज सूर्य मावळला की लगेच चंद्र कसा उगवतो?’

तिने नेमकं बोट ठेवलं होतं. खेळात चंद्र नेहमी सूर्याच्या बरोबर समोर असतो, मग कला कोणतीही असो. खऱ्या आकाशात सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो तो पौर्णिमेचाच चंद्र, पुढे तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो, आणि अमावास्येचा तर सूर्याबरोबरच उगवतो-मावळतो. दुसऱ्या कोणी असतं तर इथे हे सगळं फळ्यावर लिहून मोकळं झालं असतं. तुम्ही पात्रातून बाहेर न येता गंभीरपणे म्हणालात, ‘म्हणजे आपल्या चंद्राला कोणीतरी बांधून ठेवलंय. कोणी?’

पुढचा अर्धा तास शाळेत धमाल होती. चौकशी समिती बसली. शिपाईकाकांची साक्ष झाली. ‘चंद्राला सोडा’ अशी पाटी घेऊन दोघं फाटकावर उपोषणाला बसले. सुटलेला चंद्र कसा वागेल हे समितीला दाखवायचं म्हणून पोरांनी मैदानात प्रयोगच मांडला. एका बाजूला ग्लोस्टोन या उजेड देणाऱ्या ठोकळ्याचा सूर्य, मधोमध पृथ्वी झालेला मुलगा, आणि भोपळ्याचा दिवा घेऊन त्याच्याभोवती आठ ठिकाणी थांबत फिरणारी चंद्र झालेली मुलगी. पृथ्वी स्वतःभोवती फिरायची आणि सूर्य नजरेआड होताना ओरडायची, ‘दिसतोय!’ किंवा ‘अजून नाही!’ शेवटच्या पाच मिनिटांत तुम्ही दुहेरी कंस टाकलेत, म्हणजे आता पात्रं बाजूला, आणि खरं आकाश काय आहे ते साध्या शब्दांत सांगितलंत. गृहपाठ दिलात गॅलरीतून चंद्रोदयाच्या वेळा टिपण्याचा. सक्ती नव्हती, तरी पुढच्या आठवड्यात परदेशातल्या पोरांनीही आपापल्या वेळा आणल्या.

शिस्तीबद्दल आपलं एकदा बोलणं झालं होतं. भर तासात कोणीतरी फटाक्याचा रॉकेट उडवला होता आणि मी त्याला बाहेर काढायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, ज्या खोडीने बाकीच्यांना करायला काही मिळतं ती खेळाचा भाग, जी खोडी दुसऱ्याची पाळी हिरावते ती थांबवायची. तेव्हापासून मी हीच कसोटी लावतो. पंगतीत वाढणाऱ्याने कोणाचं पान रिकामं राहिलंय तिकडे नजर ठेवावी, तशी तुमची नजर वर्गावर असायची. सगळ्यात जास्त कोण बोलतंय हे आम्हाला दिसायचं, बराच वेळ कोणाचीच ओळ आलेली नाही हे तुम्हाला.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नाही. एखादं पात्र वर्गात रडायला लागलं की तुम्ही खेळ न थांबवता त्या मुलाला हळूच खासगी निरोप पाठवायचात, दुहेरी कंसात: ‘((हे खेळातलंच ना? तू बरा आहेस ना?))’ बहुतेक वेळा ‘हो बाई, ॲक्टिंग आहे’ असं उत्तर यायचं. एकदा तसं आलं नाही. पुढे तुम्ही त्याच्या आईपर्यंत कशा पोचलात ते मला माहीत आहे, आणि इथे त्यापेक्षा जास्त लिहिणं योग्य नाही. मोठ्या माणसांनी मुलांशी बोललेलं सगळं नोंदीत राहील, कोणी कोणाचा फोन नंबर-पत्ता विचारणार नाही, या नियमांचा तुम्ही सुरुवातीपासून आग्रह धरलात. मजेचं वातावरण त्यामुळेच टिकलं असं माझं ठाम मत आहे. पालकांनी मुलांना निर्धास्तपणे पाठवलं ते तुमच्या भरवशावर.

जाताना तुम्ही शिक्षक-खोलीतल्या पेटीत तुमच्या तासांच्या सगळ्या वह्या ठेवून गेलात. कोणता तास कसा बेतला, कुठे मुलं रमली, कुठे कंटाळली, सगळं त्यात आहे. अशा वह्या लोक सहसा स्वतःजवळ ठेवतात. नव्या शिक्षकांपैकी दोघांनी त्या वाचायला घेतल्या आहेत. नोटब्लॉकचा, म्हणजे सूर वाजवणाऱ्या ठोकळ्याचा, तास एकीने परवा घेतलाही: त्याखाली वाळू ठेवली तर ढोलकीसारखा ठोका, माती म्हणजे क्ले ठेवली तर बासरी, सोन्याचा ठोकळा ठेवला तर घंटा. पोरांनी आरतीची चाल बसवली आणि वेळ संपल्यावरही कोणी जाईना.

बाई, मला शिकवायची आवड लागली ती तुमच्या वर्गातल्या मागच्या बाकावर. त्यासाठी आणि वर लिहिलेल्या सगळ्यासाठी मनापासून आभार.

एक विचारायचं राहिलं. तारेच्या तासाला १६ मुलं लागतात, आणि शनिवारच्या लहान गटात दहा-अकराच येतात. पहिल्याला १५ ऐवजी कमी आकडा देऊन तास घ्यावा, की दोन गट एकत्र करून एकदाच मोठी तार करावी? तुमच्या वहीत यावर काही सापडलं नाही. सवड मिळेल तेव्हा निरोप ठेवा.

तुमचा,
रेडस्टोनचे सर