किल्ल्याच्या धन्याची गोष्ट

ती. आबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

किल्ल्याचा फोटो पाहून तुम्ही विचारलंत, याचा धनी कोण, जमीन किती होती. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

इंग्लंडमधल्या लुइस गावचा हा किल्ला विल्यम द वॉरेनचा. माणूस फ्रान्सकडच्या नॉर्मंडीचा. १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमच्या बाजूने लढला. ड्यूक इंग्लंडचा राजा झाला आणि वॉरेनचं नशीब फळफळलं. वीस वर्षांनी राजाने जमिनीची पाहणी करून डूम्सडे बुक लिहून घेतलं. गावात नांगर किती, गिरण्या किती, आधीचा मालक कोण, आताचा कोण. तुम्ही ते रात्र जागून वाचलं असतंत! त्यात वॉरेनची जमीन तेरा काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, दिसते: इथे ससेक्समध्ये, वर नॉरफकमध्ये, थेट यॉर्कशरपर्यंत. आधीच्या इंग्रज मालकांची नावंही तिथेच आहेत. ती वाचताना मला वाईट वाटतं.

त्याची बायको गुंड्राडा. दोघांनी इथे मठ बांधला, त्याला जमिनी लावून दिल्या. ती १०८५ साली बाळंतपणात गेली म्हणतात. १८४५ साली रेल्वेसाठी खणताना दोघांच्या अस्थींच्या शिशाच्या पेट्या निघाल्या, वर नावं कोरलेली. तिच्या थडग्याचा काळा दगड इथल्या चर्चमध्ये आहे. त्यावर पानांची नक्षी, सिंहांची तोंडं, आणि कडेने लॅटिन अक्षरं. मी बराच वेळ त्याच्यापाशी उभी होते.

पण खरं सांगायचंय ते इसाबेलचं. ती त्यांच्या नातवाची मुलगी. बाप ११४८ साली क्रुसेडमध्ये, म्हणजे ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धात, मारला गेला, भाऊ नव्हता. सगळी जमीन तिच्या नावावर आली. पहिला नवरा, राजा स्टीफनचा मुलगा, लवकर वारला. मग ११६४ साली हॅमेलिनशी लग्न झालं, राजा दुसऱ्या हेन्रीचा हा सावत्र भाऊ. दोन्ही लग्नं राजघराण्याने जमवलेली. तिला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. तरी हॅमेलिनने तिचंच आडनाव लावलं, आणि यॉर्कशरमधल्या कॉनिसब्रो किल्ल्याचा उंच गोल बुरूज त्याने बांधला तो तिच्याच जमिनीवर. वॉरेन घराणं पुढे १३४७ पर्यंत टिकलं, ते तिच्या वंशात.

आबा, आत्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायचं घरात चाललंय, असं आई म्हणाली. ती सही घेऊ नका. सातबाऱ्यावर तिचं नाव राहू द्या. बाबांशी मी स्वतः बोलेन.

तुमची नात