अण्णांच्या रिपोर्टबद्दल

टिळकवाडी, बेळगाव
रविवार

प्रिय सदा,

तुझं पत्र परवा मिळालं. अण्णांचं मूत्रपिंड गाठीसकट काढलं, त्याच्या रिपोर्टची झेरॉक्स दोनदा वाचली, मगच लिहायला बसलो. ‘ग्लूट-१ची तपासणी करून घेऊ का, त्यावरून पुढचं कळतं म्हणे,’ असं विचारलंयस. वीस वर्षं लॅबमध्ये ब्लॉक, म्हणजे गाठींचे मेणात बसवलेले तुकडे, कापतोय, तेव्हा मला कळतं तेवढं सांगतो.

संकेश्वरच्या कारखान्यासमोर उसाच्या गाड्यांची रांग लागायची, आठवतं? गेट उघडल्याशिवाय एक कांडं आत जायचं नाही. रक्तातल्या साखरेचंही तसंच. पेशीच्या आवरणातली प्रथिनं तिला आत घेतात. ग्लूट-१ हे त्यातलं एक गेट.

अण्णांची गाठ ‘क्लिअर सेल’ जातीची. मूत्रपिंडाच्या दर चार कॅन्सरमधले साधारण तीन याच जातीचे. काचेवर त्या पेशी धुतलेल्या ताटासारख्या पांढऱ्या दिसतात, कारण आत साठलेलं ग्लायकोजेन नि चरबी आमच्या प्रक्रियेत निघून जाते. अशा गाठीत बहुतेक वेळा तिसऱ्या गुणसूत्रावरचं व्हीएचएल जनुक बिघडलेलं असतं. मग ऑक्सिजन असूनही पेशी तो नसल्यासारखी वागते, हिफ नावाचं प्रथिन साठतं आणि ग्लूट-१ची गेटं वाढतात. पेशीला ऑक्सिजन कसा कळतो हे उलगडणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं.

मेख इथेच आहे. बिघाड बहुतेक गाठींत तोच, म्हणून गेटंही बहुतेकींत वाढलेली. मग बरी गाठ कुठली नि वाईट कुठली, हे त्यावरून निवडायचं कसं? ग्लूट-१ दाखवणारा रंग (स्टेन) दिला की पेशींच्या कडा तपकिरी होतात. शेजारच्या तांबड्या रक्तपेशीही होतात, त्यावरून रंग नीट चढल्याचं आम्ही ओळखतो. पण किती गडद म्हणजे ‘जास्त’, हे जो तो आपापलं ठरवतो. काही अभ्यासांत ग्लूट-१ जास्त तिथे आजार पुढे बळावलेला दिसला, काहींत काहीच संबंध सापडला नाही. संशोधन चालू राहू दे, व्हायलाच हवं. पण अण्णांचं भविष्य त्या रंगावर ठरवू नकोस, सदा.

जे बोलतं ते रिपोर्टात आहेच. गाठ ५ सेंमी, मूत्रपिंडाच्या आतच, शिरेत शिरलेली नाही, ग्रेड २, म्हणजे पेशी फार बिघडलेल्या दिसत नाहीत. हे वाचून मला खरंच हायसं वाटलं.

काकूंनी अण्णांचा गूळ बंद केलाय, तो सुरू करायला सांग. त्यांना डायबेटिस नाही, आणि गोड सोडून गाठ उपाशी पडत नाही. रक्तातली साखर यकृत राखतंच. विडी मात्र सुटायलाच हवी. तंबाखूच्या वखारीत जन्म गेला त्यांचा, बोल लावू नकोस, पण धूम्रपानाचा या कॅन्सरशी संबंध पक्का आहे. आता एकच मूत्रपिंड, तेव्हा बीपीही बघत जा.

ब्लॉक जपून ठेवायला लॅबला सांग, पुढे लागला तर हाताशी असेल. सीटीची तारीख कळव. रजा टाकून सकाळच्या गाडीने निपाणीला येतो, अण्णांसाठी कुंदा घेऊन.

तुझा,
विनू