'बस सेफ आहे मॅडम, पण कुठे आहे ते सांगता येणार नाही'

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : विद्यार्थिनीच्या आईला बसचे लोकेशन नाकारणे आणि तेच लोकेशन बिनपासवर्डच्या लिंकवर कोणालाही दाखवणे.

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला. माझी तक्रार सुटली असल्याचे कळले. कोणी सोडवली, कशी सोडवली, हे फोनवरच्या मुलाला सांगता आले नाही. त्याच्या स्क्रीनवर 'ग्राहक समाधानी' असे लिहिले होते, तेवढे त्याने वाचून दाखवले. तो समाधानी ग्राहक म्हणजे मी. यापुढे जे काही होईल ते लेखी.

मुलीची स्कूल बस अडकली त्या दिवशी दुपारी घोडबंदर रोडवर काय परिस्थिती होती हे ठाण्यातल्या कोणालाही विचारा. गायमुखाकडून माजिवड्यापर्यंत गाड्या हलत नव्हत्या, सर्व्हिस रोडवर पाणी होते. मुलगी दुसरीत आहे, बस पावणेदोनला आमच्या गेटवर येते. अडीच वाजून गेल्यावर मी बस कुठे आहे ते दाखवणारे तुमचे ॲप उघडले, तर त्याने आधी स्वतःला अपडेट केले आणि मग मला बाहेर काढून पुन्हा लॉगिन मागितले. ओटीपी गेला माझ्या नवऱ्याच्या नंबरवर. नवरा मर्चंट नेव्हीत आहे. भर समुद्रात त्याच्या फोनला तुमचा एसएमएस मिळत नाही. त्याचा नंबर दिला कारण शाळेच्या फॉर्मवर 'पालकाचा मोबाइल' असा एकच रकाना आहे आणि तो वडिलांच्या नावासमोर आहे. आईचा नंबर जोडायचा म्हटले तर शाळा म्हणते कंपनीला सांगा, कंपनी म्हणते शाळेला सांगा. हे वर्षाच्या सुरुवातीपासून चालू आहे, तुमच्याकडे नोंदी असतील. नसल्या तर माझ्याकडे आहेत.

शेजारच्या मुलाच्या आईचे लॉगिन चालू होते. तिच्या फोनवर बस मानपाड्याच्या पुलाखाली, हिरवा ठिपका, वर 'लाइव्ह'. आमचे वॉचमन तेवढ्यात मानपाड्याहूनच स्कूटर ढकलत आले होते. तिथे कुठलीही स्कूल बस नव्हती.

तेव्हा मी तुम्हाला फोन केला. हा संवाद तुमच्याकडे 'गुणवत्तेसाठी' रेकॉर्ड झालेला आहे, कृपया काढून ऐका. मला तो पाठ आहे, तरी लिहिते.

मी म्हटले, बस तासभर उशिरा आहे, कुठे आहे एवढेच सांगा. त्यांनी विचारले, रजिस्टर्ड नंबरवरून बोलताय का? नाही म्हटले, तो माझ्या मिस्टरांचा आहे, ते जहाजावर आहेत. मग सॉरी मॅडम, प्रायव्हसी पॉलिसीप्रमाणे विद्यार्थ्याचे लोकेशन फक्त रजिस्टर्ड पालकांना देता येते. मी म्हटले, अहो मी आई आहे तिची. त्यावर उत्तर आले, "तुम्ही आई आहात हे आम्हाला कसं कळणार मॅडम?"

मुद्दा बरोबर आहे, म्हणून मी चिडले नाही. तेव्हा नाही. मी बँकेत आहे. समोरचा माणूस तोच आहे का हे पडताळायचे काम मी रोज करते. फोनवर कोणीही 'मी आई बोलतेय' म्हणू शकते. ताब्यावरून कोर्टात भांडणारे आईबाप असतात, मुलाला परस्पर घेऊन जाणारे असतात. तपासा ना मग! मुलीची जन्मतारीख विचारा, बस क्रमांक विचारा, शाळेच्या परिवहन प्रमुखांना एक फोन लावा. मी हे सगळे सुचवले. उत्तर, "सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही." मग बहुधा माझी दया आली असावी, कारण आवाज मऊ झाला आणि ते म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका मॅडम, बस सेफ आहे."

मी विचारले, कुठे आहे?

"ते प्रायव्हसीमुळे सांगता येणार नाही."

मग सेफ आहे हे कशावरून?

"सिस्टीममध्ये ग्रीन दाखवतंय."

ग्रीन म्हणजे काय?

यावर बराच वेळ तुमची ती बासरी वाजली. नंतर सुपरवायझर आले. ग्रीन म्हणजे काय हे त्यांनीही सांगितले नाही, पण प्रायव्हसी हा मूलभूत अधिकार असल्याचे मात्र समजावून सांगितले. साहेब, ठाऊक आहे. २४ ऑगस्ट २०१७, पुट्टस्वामी खटला, सर्वोच्च न्यायालयाचे ९ न्यायमूर्तींचे पीठ, एकमताने. पण तो अधिकार त्या घटकेला नेमका कोणाचा होता? सात वर्षांच्या मुलीचा स्वतःच्या आईपासून? की तुमच्या सर्व्हरचा? फोन ठेवल्या ठेवल्या एसएमएस आला, आमची सेवा कशी वाटली, १ ते ५ मध्ये कळवा. मी छत्री धरून गेटवर उभी होते.

ग्रीनचा अर्थ मला नंतर बसच्या ड्रायव्हरकाकांनी सांगितला. ग्रीन म्हणजे इंजिन चालू. म्हणजे शेवटची नोंद आली तेव्हा चालू होते, बस्स. बसमधले यंत्र उपग्रहांवरून जागा ओळखते आणि आतल्या सिमवरून तुमच्याकडे पाठवते. नेटवर्क गेले की नोंदी स्वतःकडे साठवते आणि मिळाले की एकदम पाठवते, हे तुम्हाला मी काय सांगणार, तुमचेच यंत्र आहे. त्यात काही वावगेही नाही. वावगे हे आहे की नोंद दोन तास शिळी झाली तरी ठिपका हिरवा आणि वर 'लाइव्ह'. 'शेवटची नोंद १ वाजून ५२ मिनिटे' एवढी ओळ दाखवायला काय खर्च येतो? ती दिसली असती तर मी ठिपक्यावर विसंबले नसते, सरळ ड्रायव्हरला शोधायला लागले असते.

बस पाच वाजता आली. मुले मजेत. काकांनी पाणी बघून बस एका पेट्रोल पंपावर घेतली होती आणि बसमधल्या मावशींनी स्वतःच्या पैशांनी बिस्किटे वाटली होती. त्यांच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. उलट सगळ्या प्रकरणात सुरक्षिततेचे जे काही झाले ते त्या दोघांनी केले, आणि त्यासाठी मी वर्षाला २४०० रुपये तुम्हाला देते.

आता दुसरा भाग. खरे म्हणजे हाच पहिला हवा होता.

मी गेटवर असतानाच पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी तुमची 'शेअर लाइव्ह ट्रिप' लिंक टाकली. मी ती उघडली. लॉगिन नाही, ओटीपी नाही, मी कोणाची कोण हे कोणी विचारले नाही. ठिपका अर्थातच मानपाड्याला. पण खाली सगळे थांबे, आणि प्रत्येक थांब्यावर मुलाचे नाव, इयत्ता, इमारत, वेळ. माझ्या मुलीच्या नावापुढे लिहिले आहे, 'गेट नं. २, आजी घेतात.' एका मुलाच्या नावापुढे 'घरी कोणी नसते, वॉचमनकडे सोडणे.'

परत वाचा. घरी कोणी नसते, वॉचमनकडे सोडणे.

ही लिंक आजही चालू आहे. काल आमच्या इस्त्रीवाल्या दादांच्या फोनवर उघडून पाहिली, उघडली. 'हिस्टरी' दाबले की जूनपासूनचा रोजचा मार्ग आणि वेळ दिसते. मी आई आहे हे तुम्हाला कसे कळणार, हा प्रश्न तुमच्या लिंकला पडत नाही. तो फक्त फोन करणाऱ्या आईसाठी राखून ठेवलेला आहे.

हे ॲप शाळेत कसे आले तेही आठवून देते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची बातमी आली आणि आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालकांची झोप उडाली. शासनाने शाळांना सीसीटीव्ही बसवायला महिन्याची मुदत दिली. त्याच काळात आमच्या पालकसभेत तुमचा माणूस स्लाइड घेऊन उभा राहिला. बदलापूरला जे घडले ते शाळेच्या आवारात घडले, बसमध्ये नाही. जीपीएसने ते थांबले नसते. तरी त्या माणसाने त्या गावाचे नाव घेतले आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलवली, कारण घाबरलेल्या पालकापुढे कोणतीही वस्तू ठेवली की तो पाकीट काढतो. तेव्हा कोणी प्रायव्हसीचा 'प्र'सुद्धा उच्चारला नाही. मुलांची नावे, फोटो, पत्ते, घ्यायला कोण येते, सगळे एका दुपारी भरून घेतलेत.

बसमध्ये चढताना मुलांनी यंत्राला दाखवायच्या तुमच्या कार्डांचेही तेच. मुलीला ताप होता, ती माझ्या शेजारी झोपली होती आणि फोनवर आले, 'आपला पाल्य बसमध्ये बसला आहे.' मावशींकडे सगळ्यांच्या कार्डांचा जुडगा असतो, मुले हरवतात म्हणून. गडबडीत त्या सगळी एकदम दाखवतात. दोष त्यांचा नाही. तुमचे यंत्र मूल मोजत नाही, प्लास्टिक मोजते. हेही आधी कळवले होते, तेव्हाही मी समाधानी झाले होते.

कायद्याचे थोडे, कारण तुमच्या सुपरवायझरांना त्यात रस दिसला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३, कलम ९ : १८ वर्षांखालील मुलांचा माग काढायला मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांत शाळेने नेमलेल्या वाहतूक सेवेला सूट आहे, पण कशापुरती? शाळेत जाता-येतानाच्या प्रवासात, मुलांच्या सुरक्षेसाठी, त्यांचे लोकेशन पाहण्यापुरती. जूनपासूनची हिस्टरी आणि 'आजी घेतात' यात कुठे बसते ते तुमच्या वकिलांना विचारा. मुलांबाबतचे कर्तव्य मोडले तर दंड २०० कोटींपर्यंत. या तरतुदी अमलात यायला १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणून तुम्ही निवांत असाल. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आजच लागू आहे आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायदेशीर आधाराशिवाय दुसऱ्याला उघड करणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, कलम २(४७). त्यासाठी मला कोणाची वाट पाहायची नाही.

मला काय हवे आहे : ती लिंक आज बंद करा, उद्या नाही. पुढे लिंक द्यायचीच असेल तर ती त्या फेरीपुरती चालू राहावी आणि तिच्यावर कोणत्याही मुलाचे नाव नसावे. आतापर्यंत ती किती ठिकाणांहून उघडली गेली हे सगळ्या पालकांना लेखी कळवा, फक्त मला नाही. त्या वॉचमनवाल्या मुलाच्या आईवडिलांना तर आधी. जुनी हिस्टरी काढून टाका. माझा नंबर जोडा, शाळेकडे बोट न दाखवता. शिळ्या नोंदीला 'लाइव्ह' म्हणणे थांबवा. आणि २४०० रुपये परत करा. रक्कम मोठी नाही, पण सोडणार नाही.

१५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. पत्राची प्रत मुख्याध्यापकांना दिली आहे, कारण २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शालेय परिवहन समितीचे अध्यक्ष तेच आहेत आणि तुमच्याशी करार कोणी, काय वाचून केला हे पुढच्या बैठकीत विचारले जाणार आहे. आम्ही बरेच पालक आहोत. लिंक त्या दिवशी सगळ्यांनीच उघडली होती.

फोन करू नका. केलात, तर तुम्ही कंपनीतूनच बोलताय हे मला कसे कळणार? आधी ओटीपी मागेन.

इयत्ता दुसरीतील विद्यार्थिनीची आई
(नोंदणीकृत नाही)
घोडबंदर रोड, ठाणे